तीन डेटाबेस, एक हिशोब: विखुरलेली माहिती एका जागी आणण्याची पूर्ण पद्धत

सोयाबीनचा हंगाम जोरात असताना शेतकरी खरेदी केंद्रावर येऊन एकच गोष्ट विचारतो: "माझं माप किती झालं, पैसे किती पडले, राहिले किती?" प्रश्न एक, पण उत्तराचे तुकडे तीन ठिकाणी पडलेले असतात. माप वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, सभासदाची माहिती वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये आणि पैसे वाटल्याची नोंद हिशोबाच्या प्रणालीत. मग ऑफिसातला मुलगा तीन खिडक्या उघडतो, एक्सेलमध्ये चिकटवाचिकटवी करतो आणि बाहेर रांग वाढत जाते.

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, डाळ मिल, दूध संघ, पतसंस्था, कुठेही गेलं तरी थोड्याफार फरकाने हेच दिसतं. तीन डेटाबेस करायचं कोणी ठरवलेलं नसतं. काटा बसवणाऱ्याने त्याचं सॉफ्टवेअर दिलं, वेबसाइट दुसऱ्याने केली, ऑडिटरने सांगितलं म्हणून हिशोबाची प्रणाली नंतर आली. प्रत्येक प्रणाली आपापल्या जागी बरोबर असते. अडचण येते ती तिन्हींना मिळून उत्तर द्यायची वेळ आल्यावर.

पुढचं सगळं एका उदाहरणावर चालवतो. समजा, औसा, निलंगा आणि उदगीर इथे खरेदी केंद्रं असलेली एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. तिन्ही काट्यांवर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे (हे आणि पुढची दोन, तिन्ही डेटाबेस चालवणारी सॉफ्टवेअर). सभासद नोंदणी वेबसाइटच्या मायएसक्यूएलमध्ये आहे. पैसे वाटपाचा हिशोब पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आहे. तुमच्याकडे नावं वेगळी असतील, पण क्रम हाच ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा लेख तिच्यावर उभा आहे. कोणतं साधन वापरायचं याची चर्चा लोक फार करतात. प्रत्यक्षात काम अडतं ते "या डेटाबेसमधला हा माणूस आणि त्या डेटाबेसमधला तो माणूस एकच का?" या प्रश्नावर. साधन दोन दिवसांत बसतं, ओळख पटवायला हंगाम जातो. म्हणून वेळ आणि माणसं ओळखीच्या कामाला राखून ठेवा.

## पहिलं काम: प्रश्न आणि यादी

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी, एकत्र माहितीतून कोणती उत्तरं हवी आहेत ते कागदावर लिहा. पाच-सहा पुरे. "प्रत्येक सभासदाची येणे बाकी" (म्हणजे त्याला कंपनीकडून मिळायचे राहिलेले पैसे), "केंद्रनिहाय रोजची खरेदी", "ज्यांचं माप झालं पण सभासद नोंदणी नाही असे शेतकरी". "सगळी माहिती एकत्र हवी" असं लिहिलं तर काम कधीच संपत नाही. प्रश्न ठरले की कोणते तक्ते आणि कोणते रकाने लागतात ते आपोआप ठरतं, आणि तीनशे तक्त्यांपैकी बहुधा दहा-बारा पुरतात.

मग प्रत्येक डेटाबेसची यादी करा: आवृत्ती कोणती, कुठल्या मशीनवर आहे, मशीन कधी चालू असतं, बॅकअप कोण घेतं, तक्ते कोणी बदलू शकतं. काट्याचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याशी झालेला करारही वाचा. काही करारांत डेटाबेसला थेट हात लावला तर देखभाल बंद, असं कलम असतं. तसं असेल तर त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या किंवा त्यालाच रोजची फाइल काढून द्यायला सांगा.

तिन्ही ठिकाणी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला वेगळा युजर तयार करून घ्या. मूळ डेटाबेसमध्ये आपण काहीही लिहायचं नाही. हंगामात काट्याचं सॉफ्टवेअर पाच मिनिटं अडकलं तरी गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. आपल्या अहवालासाठी शेतकऱ्याला ताटकळत ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही.

## थेट जोडायचं की रोज नक्कल आणायची

सगळे डेटाबेस एकाच सर्व्हरवर असतील तर काम सोपं आहे. मायएसक्यूएलमध्ये तक्त्याच्या नावाआधी डेटाबेसचं नाव आणि टिंब लावलं की दोन डेटाबेसमधले तक्ते एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) जोडता येतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस, स्कीमा (डेटाबेसमधला तक्त्यांचा कप्पा), तक्ता अशा तीन भागांच्या नावाने तेच होतं. एसक्यूलाइटमध्ये 'अटॅच' आज्ञेने दुसरी फाइल जोडता येते, मूळ मर्यादा दहा फाइलींची आहे. पोस्टग्रेएसक्यूएल मात्र एका डेटाबेसमधून दुसऱ्यात थेट डोकावू देत नाही, दोन्ही एकाच सर्व्हरवर असले तरी. तिथे एकाच डेटाबेसमध्ये वेगवेगळे स्कीमा करायचे किंवा खाली सांगितलेला फॉरेन डेटा रॅपर (दुसऱ्या डेटाबेसमधले तक्ते इथलेच असल्यासारखे वाचू देणारी जोडणी) वापरायचा.

सर्व्हर वेगळे असले तरी थेट जोडणीची सोय जवळपास सगळीकडे आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर, ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक, मायएसक्यूएलमध्ये फेडरेटेड इंजिन (हे मुळात बंद असतं, चालू करावं लागतं), पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये फॉरेन डेटा रॅपर. ट्रिनो हे इंजिन तर याच कामासाठी आहे. फेसबुकमध्ये जन्मलेल्या प्रेस्टोची ही एक शाखा, २०२० च्या डिसेंबरात तिला हे नाव मिळालं. अनेक डेटाबेसवर एकच एसक्यूएल क्वेरी चालवणं हा तिचा धंदा आहे. एकट्या माणसाला लॅपटॉपवर पडताळणी करायची असेल तर डकडीबी उत्तम. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आणि एसक्यूलाइट तिन्ही त्याला जोडता येतात.

माझा सल्ला मात्र थेट जोडणीच्या बाजूचा नाही. आपल्याकडे केंद्रावरची लाइट जाते, नेट जातं आणि संध्याकाळी कुलूप लावताना कॉम्प्युटर बंद होतो. तीन डेटाबेसवर थेट चालणारी क्वेरी तिन्ही मशीन जागी असतील तेव्हाच उत्तर देते. उदगीरचं नेट गेलं की औश्याच्या शेतकऱ्यालाही उत्तर मिळत नाही. शिवाय थेट क्वेरीचा भार मूळ मशीनवर पडतो. येणे बाकीचा आकडा कालच्या संध्याकाळपर्यंतचा असला तरी बहुतेक कामं भागतात. म्हणून मध्ये एक वेगळा डेटाबेस ठेवा, रोज तिथे नक्कल आणा आणि सगळी जोडणी तिथेच करा. थेट जोडणी राहू द्या, पण ती नक्कल ओढण्यापुरती.

## मधला डेटाबेस उभा करणं

मी यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल घेतो. फुकट आहे, इतर डेटाबेसशी बोलणारे रॅपर भरपूर आहेत आणि यात तक्ता तयार करणं, नाव बदलणं, उडवणं ही कामंसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं होतं नाहीतर काहीच नाही, अशा आज्ञांच्या गटात) येतात. याचा उपयोग पुढे कळेल. सध्या उबुंटू चालणारं एक साधं मशीन पुरे.

त्यात तीन स्कीमा करा: 'कच्चा', 'स्वच्छ' आणि 'अहवाल'. कच्च्यात मूळ माहिती जशीच्या तशी येते, एक अक्षरही न बदलता. स्वच्छमध्ये सुधारलेली. अहवालात फक्त व्ह्यू, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या क्वेरी. कच्चा भाग हात न लावता ठेवण्याचं कारण साधं आहे. सहा महिन्यांनी कोणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर मूळ नोंद दाखवता आली पाहिजे.

पोस्टग्रेएसक्यूएलमधली हिशोबाची प्रणाली जोडायला चार आज्ञा लागतात. आधी 'क्रिएट एक्स्टेन्शन' ने पोस्टग्रेस-एफडीडब्ल्यू (एफडीडब्ल्यू म्हणजे फॉरेन डेटा रॅपर) चालू करा. मग 'क्रिएट सर्व्हर' मध्ये पलीकडच्या मशीनचा पत्ता, पोर्ट (सहसा ५४३२) आणि डेटाबेसचं नाव द्या. 'क्रिएट युजर मॅपिंग' मध्ये तो फक्त वाचणारा युजर आणि त्याचा पासवर्ड. शेवटी 'इम्पोर्ट फॉरेन स्कीमा', सोबत 'लिमिट टू' लावून फक्त हवे ते तक्ते. ही शेवटची आज्ञा ९.५ आवृत्तीपासून आहे. त्याआधी प्रत्येक तक्त्याचे रकाने हाताने लिहावे लागत.

एक बारीक गोष्ट: हा रॅपर पलीकडून एका वेळी १०० ओळी आणतो. नेट हळू असेल तर प्रत्येक शंभर ओळींसाठी एक फेरी पडते आणि लाखभर ओळींचं काम रखडतं. सर्व्हरच्या ऑप्शनमध्ये 'फेच साइझ' वाढवून ५,००० किंवा १०,००० करा.

मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएल-एफडीडब्ल्यू वेगळा बसवावा लागतो. पायऱ्या त्याच, पोर्ट सहसा ३३०६. वेबसाइटचा होस्टिंगवाला बाहेरून पोर्ट उघडायला नकार देईल, आणि तो बरोबरच आहे. त्याच्याकडून एसएसएच टनेल (कूटबद्ध, बंदिस्त जोडणी) मागा. डेटाबेसचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर टाकू नका.

काट्यांची गोष्ट वेगळी. केंद्रावरच्या नेटला कायमचा पत्ता नसतो, मशीन दुपारी चालू तर रात्री बंद. मधल्या सर्व्हरने तिकडे जाऊन माहिती ओढण्यापेक्षा काट्याच्या मशीननेच ती पाठवणं सोयीचं. एसक्यूएल सर्व्हरबरोबर बीसीपी नावाचं साधन येतं. ते तक्ता किंवा क्वेरीचं उत्तर फाइलमध्ये काढतं. मराठी मजकूर असेल तर कोड पेज ६५००१ द्या, म्हणजे फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत निघेल. यूटीएफ-१६ मधली फाइल पोस्टग्रेएसक्यूएलची 'कॉपी' आज्ञा घेत नाही. एक्स्प्रेस आवृत्तीत एसक्यूएल सर्व्हर एजंट नसतो, म्हणून वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावा. एक वेळ दुपारच्या जेवणाची, एक संध्याकाळी कुलूप लावण्याआधीची आणि एक मशीन सुरू होताक्षणी. फाइल एसएफटीपीने (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) मधल्या सर्व्हरवर जाते. एखादी वेळ हुकली तरी पुढच्या वेळी सगळं येतं.

## सगळंच आणा किंवा बदललेलं आणा

'अपडेटेड ॲट' सारखा वेळेचा रकाना बघून फक्त नवीन ओळी आणण्याची पद्धत पुस्तकात छान वाटते. तिच्यात एक भोक आहे: मूळ डेटाबेसमधून नोंद कोणी खोडली तर खोडलेल्या ओळीला वेळेचा रकानाच उरत नाही, आणि आपल्याकडे ती तशीच जिवंत राहते. काट्यावर चुकीची पावती फाडून नवी करणं हंगामात रोजचं आहे. म्हणजे रद्द झालेलं माप आपल्या अहवालात शेतकऱ्याच्या नावावर वाढत राहणार.

म्हणून तक्ता दोन-चार लाख ओळींच्या आत असेल तर रोज पूर्ण नक्कल आणा. तीन केंद्रांच्या एका हंगामाच्या पावत्या त्याहून फार कमी असतात. नवीन नक्कल वेगळ्या नावाच्या तक्त्यात भरा, तपासा आणि मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जुना तक्ता काढून नव्याला त्याचं नाव द्या. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हे मध्येच अडलं तर सगळं पूर्वीसारखं होतं. मायएसक्यूएलमध्ये तक्ता बदलण्याच्या आज्ञा आपोआप कमिट (कायम) होतात, तिथे ही हमी मिळत नाही. एक ध्यानात ठेवा: व्ह्यू तक्त्याच्या नावाला बांधलेला नसतो, त्या तक्त्यालाच बांधलेला असतो. तेव्हा तक्ता बदलल्यावर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये व्ह्यू पुन्हा तयार करा. ते नको असेल तर तक्ता तोच ठेवून ट्रान्झॅक्शनमध्ये रिकामा करा आणि भरा.

तक्ता खरोखर मोठा असेल तर मागच्या ४५ दिवसांचा भाग रोज पूर्ण बदला आणि महिन्यातून एकदा सगळा.

## स्वच्छता: अक्षरं, आकडे, तारखा

इथे घाई केली की पुढे सगळं फसतं.

सुरुवात मराठी मजकुरापासून. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावं श्री-लिपी किंवा कृती देव अशा फॉन्टमध्ये भरलेली असतात. डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट काढला की अर्थ लागत नाही. ती युनिकोडमध्ये (कुठल्याही एका फॉन्टवर न अडणाऱ्या अक्षरसंचात) बदलता येतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असल्याने आधी फॉन्ट कोणता ते शोधा. याउलट एसक्यूएल सर्व्हरमध्ये साध्या 'व्हारचार' रकान्यात युनिकोड मराठी भरलं गेलं असेल तर तिथे प्रश्नचिन्हांची रांग दिसते. ती अक्षरं परत येत नाहीत. ती नावं कागदी पावत्यांवरून पुन्हा भरावी लागतात, आणि काटावाल्याला रकाना 'एनव्हारचार' करायला लावायचं.

युनिकोड असूनही दोन नावं जुळत नाहीत, हा प्रकार मराठीत खास आहे. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. डोळ्यांना एकच दिसणारं हे नाव तीन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. एकात 'ऱ' हे एकसंध अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र' आणि त्याखाली वेगळा नुक्ता. तिसऱ्यात 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. डेटाबेस बाइट बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी हे तीन वेगळे शेतकरी. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणणाऱ्या नियमाने) एक होतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १३ आवृत्तीपासून 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन त्यासाठीच आहे. तिसरा त्याने सुटत नाही. आधी 'र', हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त टाका, मग उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढा. हे सगळं तुलनेसाठी केलेल्या वेगळ्या रकान्यात करायचं. शेतकऱ्याचं नाव त्याने लिहिलं तसंच पावतीवर छापलं गेलं पाहिजे.

त्याच रकान्यात देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करा, दोन शब्दांमधल्या जास्तीच्या जागा काढा आणि नावामागचे राव, पाटील, साहेब यांचा निर्णय घ्या. एका ठिकाणी 'ज्ञानोबा', दुसरीकडे 'ज्ञानोबाराव' हे आपल्याकडे ठरलेलंच.

वजनात एकक बघा. काटा किलोत बोलतो, पट्टी (मालाच्या हिशोबाची पावती) क्विंटलमध्ये निघते. काट्याच्या तक्त्यात भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, बारदान्याची वजावट आणि निव्वळ वजन असे चार रकाने असतील, तर पैशांशी निव्वळच जोडायचं. ओलाव्याची कटती कुठे धरली आहे, वजनात की दरात, हे काटेवाल्याला विचारून घ्या. रकान्याच्या नावावरून ते कधीच कळत नाही. पैसे आणि वजन 'न्यूमेरिक' प्रकारात ठेवा, 'फ्लोट' मध्ये नको. फ्लोटमध्ये बेरजेला पैशांचा फरक पडतो आणि ऑडिटमध्ये पन्नास पैशांसाठी दिवस जातो.

बँक खाते क्रमांक आणि मोबाइल हे आकडे दिसले तरी मजकूर म्हणूनच ठेवा. आकडा म्हणून ठेवलेल्या खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं उडतात.

तारखांमध्ये दोन सापळे आहेत. एक, ०५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर की ११ मे? फाइल काढताना वर्ष-महिना-दिवस असाच क्रम ठेवा. दुसरा वेळेचा. काट्याच्या मशीनवर भारतीय वेळ असते, वेबसाइटचा सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, म्हणजे साडेपाच तास मागे. हंगामात गाड्या रात्री उशिरापर्यंत खाली होतात. २१ ऑक्टोबरच्या पहाटे २ वाजता झालेली नोंद यूटीसीत २० ऑक्टोबर, रात्री साडेआठ अशी बसते. त्या दिवशी दर बदलला असेल तर शेतकऱ्याच्या पैशात फरक पडतो. स्वच्छ स्कीमात प्रत्येक वेळ 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' मध्ये आणा आणि दिवस काढताना एशिया/कोलकाता हा विभाग स्पष्ट लिहा.

## गावांची नावं कोडने

गावाच्या नावावरून कधीही जोडू नका. 'शिरूर' एवढंच लिहिलं असेल तर लातूर जिल्ह्यातलं शिरूर अनंतपाळ, अहमदपूर तालुक्यातलं शिरूर ताजबंद की बीड जिल्ह्यातलं शिरूर कासार? वडगाव, पिंपळगाव, बोरगाव तर तालुक्यागणिक आहेत. जिल्ह्याची नावंही स्थिर नाहीत. जुन्या नोंदीत उस्मानाबाद, नव्यात धाराशिव. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीतून वेगळा झाला, त्याआधीच्या नोंदी परभणीच्या नावावर.

गावांचा एक संदर्भ तक्ता करा, त्यात सरकारी कोड ठेवा. २०११ च्या जनगणनेत बीड ५२३, लातूर ५२४, तेव्हाचा उस्मानाबाद ५२५. नाव बदललं तरी कोडवरून जुनी-नवी नोंद एकत्र येते. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड याहून वेगळे असतात. दोन्ही ठेवायचे असतील तर दोन वेगळ्या रकान्यांत.

## ओळखीचा तक्ता

आता मुख्य काम. स्वच्छ स्कीमात 'ओळख' नावाचा तक्ता करा. रकाने हे: आपण दिलेला एकच शेतकरी क्रमांक, स्रोत (औसा काटा, निलंगा काटा, उदगीर काटा, वेबसाइट, हिशोब), त्या स्रोतातला क्रमांक, जुळणी कशावरून केली, कोणी खात्री केली, कधी केली. स्रोत आणि स्रोतातला क्रमांक या जोडीवर युनिक अट लावा, म्हणजे एक नोंद दोन माणसांना जोडलीच जाणार नाही. केंद्रांना वेगवेगळे स्रोत धरायचे, कारण तिन्ही काट्यांवर पावती क्रमांक १ पासूनच सुरू होतो.

जुळणी पायऱ्यांनी करा, पक्क्यापासून कच्च्याकडे. खाते क्रमांक आणि आयएफएससी दोन्ही तंतोतंत जुळले तर जुळणी भक्कम. पण बँका विलीन झाल्या की आयएफएससी बदलतो. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात विलीन झाली, मग तिच्या शाखांचे कोडही बदलले. जुन्या-नव्या कोडचा छोटा तक्ता सोबत ठेवा. एक खातं दोन नावांवर असणं, माल नवऱ्याच्या नावावर आणि पैसे बायकोच्या खात्यात असणं, हेही चालू असतं. त्यामुळे खातं जुळलं पण नाव अगदीच वेगळं असेल तर ती ओळ माणसाकडे पाठवा.

त्यानंतर मोबाइल आणि गाव कोड. शून्य, +९१ आणि मोकळ्या जागा काढून शेवटचे दहा आकडे घ्या. बाप आणि दोन लेक एकच नंबर देतात हे गृहीत धरा. म्हणून मोबाइल एकटा कधीच पुरेसा नाही, सोबत पहिलं नाव जुळलंच पाहिजे.

तिसरी पायरी नाव, वडिलांचं नाव, गाव कोड आणि गट नंबर. इथे स्पेलिंगचा फरक मोजायला लेव्हेनश्टाइन अंतर (एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं बदलावी लागतात तो आकडा) उपयोगी पडतं. पोस्टग्रेएसक्यूएलच्या फझी-स्ट्रिंग-मॅच एक्स्टेन्शनमध्ये ते आहे. त्यातलंच साउंडेक्स (इंग्रजी उच्चारावरून नावं जुळवणारं) मात्र देवनागरीसाठी निरुपयोगी आहे. या पायरीवर मशीनने फक्त सुचवायचं. एका गावात एकाच नावाचे दोन चुलत भाऊ, शेजारी गट नंबर, अशी जोडी प्रत्येक तालुक्यात सापडते.

उरलेल्या संशयित जोड्यांची यादी छापून केंद्रावर पाठवा. काट्यावर बसणारा माणूस आणि हमालांचा मुकादम दोघं मिळून तासाभरात पन्नास जोड्या सांगतात: "हे दोघं एकच, ते दोघं वेगळे, आणि हा तर आता पुण्याला असतो." कोणतंही सॉफ्टवेअर हे काम त्यांच्याइतकं करत नाही. त्यांचं नाव 'खात्री कोणी केली' या रकान्यात आदराने लिहा.

"हे दोघं वेगळे" हा निर्णयही दुसऱ्या तक्त्यात नोंदवा, नाहीतर तीच जोडी दर आठवड्याला परत येते. आणि आधार क्रमांक जोडणीसाठी वापरायचा मोह टाळा. प्रत्येक डेटाबेसमध्ये आधार पसरवणं म्हणजे तो फुटण्याच्या जागा वाढवणं. शासनाचा शेतकरी ओळख क्रमांक ज्यांच्याकडे आहे त्यांचा तो नव्या नोंदणीत घ्या, पुढची जुळणी सोपी होईल.

## जोडणी आणि वाढलेली बेरीज

ओळख पटली की जोडणीची क्वेरी सोपी वाटते, आणि इथेच आकडे फुगतात. एका शेतकऱ्याची तीन मापं झाली: १२.४०, ८.६० आणि १५.०० क्विंटल. एकूण ३६. दर ४,३०० रुपये धरला तर १,५४,८०० रुपये. पैसे दोन हप्त्यांत पडले, १,००,००० आणि ५४,८००. हिशोब चुकता. आता मापांचा तक्ता आणि पैशांचा तक्ता शेतकरी क्रमांकावर थेट जोडला, तर हे मिळतं:

| माप (क्विंटल) | हप्ता (रुपये) |
|---|---|
| १२.४० | १,००,००० |
| १२.४० | ५४,८०० |
| ८.६० | १,००,००० |
| ८.६० | ५४,८०० |
| १५.०० | १,००,००० |
| १५.०० | ५४,८०० |

प्रत्येक माप प्रत्येक हप्त्याशी जोडलं गेलं. बेरीज केली तर माप ७२ क्विंटल आणि पैसे ४,६४,४००. क्वेरीने कुठलीही चूक दाखवली नाही, फक्त उत्तर खोटं आहे. उपाय एकच: आधी प्रत्येक तक्त्याची शेतकरीनिहाय बेरीज करून एका शेतकऱ्याची एकच ओळ करा, मग त्या बेरजा जोडा. 'विथ' ने सुरू होणाऱ्या क्वेरीत पहिला भाग मापांची बेरीज, दुसरा भाग पैशांची बेरीज आणि शेवटी दोन्हींची जोडणी, असं लिहिलं की वाचणाऱ्यालाही समजतं. 'डिस्टिंक्ट' लावून हे सुटत नाही. एकाच वजनाची दोन खरी मापं असतील तर ते त्यातलं एक गिळून टाकतं.

शेवटची जोडणी 'फुल आउटर जॉइन' (दोन्ही तक्त्यांच्या सगळ्या ओळी राखणारी) असू द्या. साध्या जॉइनमध्ये दोन्हीकडे असलेलेच शेतकरी येतात, आणि आपल्याला काळजी असते ती एकाच बाजूला असलेल्यांची. माप आहे, पैसे नाहीत: त्याला देणं बाकी आहे. पैसे आहेत, माप नाही: आगाऊ रक्कम असेल, ओळख चुकली असेल किंवा काहीतरी गंभीर आहे. ही यादी व्यवस्थापकाच्या टेबलावर रोज गेली पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही, तिथे लेफ्ट आणि राइट जॉइनची 'युनियन' करावी लागते.

लेफ्ट जॉइन (डाव्या तक्त्याच्या सगळ्या ओळी राखणारी जोडणी) लावून 'व्हेअर' मध्ये उजव्या तक्त्यावर अट टाकली, उदाहरणार्थ पैसे वाटपाची तारीख अमुक नंतरची, की पैसे न मिळालेले शेतकरी गळून पडतात. ती अट 'ऑन' मध्ये किंवा बेरजेच्या भागात घाला. आणि रिकाम्या रकमेवर 'कोअलेस' लावून शून्य करा, नाहीतर येणे बाकीही रिकामीच दिसते.

## रोजचा ताळा

नक्कल आली की प्रत्येक तक्त्यासाठी मूळ आणि नक्कल, दोन्हीकडच्या ओळींची संख्या आणि मुख्य रकान्याची बेरीज एका 'ताळा' तक्त्यात लिहा. काट्याच्या फाइलसोबत एक छोटी फाइल पाठवा, तिच्यात ओळी किती आणि निव्वळ वजनाची बेरीज किती. जुळलं नाही तर त्या केंद्राची नवी नक्कल घेऊ नका, कालचीच राहू द्या आणि अहवालावर त्या केंद्राची "माहिती कधीपर्यंतची" ही वेळ मोठ्या अक्षरात दाखवा. काउंटरवरच्या मुलाला शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे की उदगीरचं माप काल संध्याकाळपर्यंतचं आहे.

आठवड्यातून एकदा पाच पट्ट्या हाताने काढा, प्रत्येक केंद्रावरून निदान एक, आणि कागदापासून अहवालापर्यंत आकडा तपासा. काट्याचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर तर त्याच दिवशी. रकान्याचं नाव बदललं तर फाइल अडते आणि लगेच कळतं. रकान्याचा अर्थ बदलला, म्हणजे बारदाना आता आधीच वजा होऊन येतो, तर कागदाशी ताळा केल्याशिवाय कळत नाही.

या मधल्या डेटाबेसमध्ये आता शेतकऱ्यांची नावं, खाती, मोबाइल सगळं एका जागी आलं आहे, म्हणून तो तीन डेटाबेसपेक्षा जास्त जपायचा. काउंटरवरच्या युजरला फक्त अहवाल स्कीमा दिसू द्या, आणि तिथे खाते क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. बॅकअप कूटबद्ध करून दुसऱ्या जागी ठेवा आणि तो परत चढवून बघा.

पुढे रेणापूरला चौथं केंद्र सुरू झालं तर क्रम असा: ओळख तक्त्यात नवा स्रोत, काट्यावर तीच बीसीपीची स्क्रिप्ट, पहिले पंधरा दिवस त्या केंद्राचे आकडे अहवालात वेगळे, संशयित जोड्यांची यादी केंद्रावर, आणि ताळा सलग जुळायला लागल्यावरच ते केंद्र एकूण बेरजेत.